प्रसाधिकेची कंबर

कालिदासाच्या रघुवंशाचा सातवा सर्ग आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल, याचा हिशेब आतां आमच्यापाशीं नाहीं. स्वयंवरानंतर अज व इंदुमती राजमार्गानें येत आहेत आणि त्यांस पाहण्यासाठीं नगरांतील स्त्रिया हातांतलें काम टाकून गवाक्षांकडे धांवत आहेत, असा तो प्रसंग आहे. त्यांतील एक स्त्री पायांस अळता लावून घेत असते. प्रसाधिकेनें हातांत धरलेला पाय ती हिसडून सोडवून घेते व धांवत सुटते; तिच्या ओल्या पावलांचे तांबडे ठसे खिडकीपर्यंत उमटत जातात. त्या ठशांचें सौंदर्य आम्हीं विद्यार्थ्यांना तास तासभर समजावून सांगितलें. परंतु ती प्रसाधिका मान घालून व कंबर वांकवून किती वेळ तो पाय धरून बसली होती, आणि पाय हातांतून निसटल्यावर ती कशी उठली, असा प्रश्न आम्हीं कधीं केला नाहीं व आमच्या एकाही विद्यार्थ्यानें केला नाहीं. तो प्रश्न आम्हांस साठी उलटल्यावर आमच्या घरांतच पडला.

आमची धाकटी सून पुण्यांत स्त्रियांचें प्रसाधनगृह चालविते; चालू भाषेंत ज्यास पार्लर म्हणतात तें. सहा वर्षांपूर्वीं तिनें ही गोष्ट प्रथम काढली तेव्हां घरांत कोणालाच ती रुचली नाहीं. “आपल्या घरांतील मुलीनें लोकांचे पाय धुवावयाचे काय?” असें वडीलधाऱ्यांपैकीं एकानें स्पष्ट विचारलें. आम्हीं स्वतः तसें बोललों नाहीं, पण गप्प बसलों. आणि वडील माणसाचें गप्प बसणें म्हणजे काय, हें घरांतील सुनेला बरोबर कळतें. विराटाच्या अंतःपुरांत द्रौपदीनें सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी केली, ही कथा आम्हींच तिला सांगितलेली. दुसऱ्याच्या घरीं राहणारी, परंतु स्वतःच्या तंत्रानें वागणारी, शिल्प जाणणारी स्त्री ती सैरंध्री, असा अर्थ अमरकोशांत दिला आहे. तो आम्हांस मुखोद्गत होता. प्रसंग आला तेव्हां तो ओठांवर आला नाहीं, एवढेंच.

पुढें विरोध ओसरला व दुकान उघडलें. झाल्या गोष्टीचें परिमार्जन करावें या हेतूनें पलंग करवून देण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. बाजारांतील वरखालीं होणारे पलंग महाग पडत होते. आम्हीं ओळखीच्या सुताराला बोलाविलें, घरांतील पलंगाचें माप घेतलें, आणि चांगल्या लांकडाचा भक्कम पलंग करविला. खालची जागा वायां जाऊं नये म्हणून पायापासून उशापर्यंत पंचे व बाटल्या ठेवण्यास कपाट बसवून घेतलें. किती पैसे वांचले हें आम्हीं येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असूं.

गेल्या मार्गशीर्षांत, ऐन लग्नसराईंत, एके दिवशीं पहाटे नवरीच्या शृंगाराची पेटी उचलण्यास ती वांकली ती तशीच राहिली. तिला सरळ होतां येईना. आम्हीं व आमच्या सौभाग्यवतींनीं धरून तिला निजविलें. तेव्हां कळलें कीं दुखणें त्या दिवसाचें नव्हतें. दोन वर्षांचें होतें. रात्रीं ती गरम पाण्याची पिशवी घेऊन निजत असे आणि सकाळीं हंसून कामाला जात असे. “मग आम्हांला सांगितलें कां नाहींस?” असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळे म्हणाला असतां, आम्ही सांगितलेंच होतें.” यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. तीन आठवडे दुकान बंद राहिलें, आणि तें कायमचेंच बंद करावें कीं काय, अशी भाषा तिच्या तोंडीं येऊं लागली.

डॉक्टरांनीं तपासून धोक्याचें लक्षण नसल्याचें सांगितलें व तिला एका भौतिकोपचार करणाऱ्या बाईंकडे पाठविलें. त्या बाईंनीं औषधाचें नांव काढण्यापूर्वीं म्हटलें, “तुम्ही काम कसें करतां तें मला दाखवा.” सुटीच्या दिवशीं बंद दुकानांत ही परीक्षा झाली. आमच्या सौभाग्यवती गिऱ्हाईक होऊन पलंगावर निजल्या, सूनबाई कामाला लागल्या, आणि आम्ही कोपऱ्यांत मोजपट्टी घेऊन बसलों. बाईंनीं दहा मिनिटें नुसतें पाहिलें व मग आम्हांस विचारलें, “हा पलंग कोणी करविला?” आम्हीं कांहींशा अभिमानानेंच सांगितलें. त्या म्हणाल्या, “काका, तुम्हीं हा निजणारीसाठीं केलात. काम करणारीसाठीं नाहीं केलात.”

त्या एका वाक्यांत सर्व निदान होतें. चेहऱ्याला मालिश करतांना सूनबाई उशाशीं स्टुलावर बसत, पण खालीं कपाट असल्यामुळें त्यांचे गुडघे आंत जात नसत. म्हणून स्टूल हातभर दूर, आणि अंतर भरून काढण्यास धड पुढें झुकलेलें. पायांवरील केंस मेणानें काढतांना त्या उभ्या राहत, तेव्हां पलंग इतका ठेंगणा कीं कमरेंत दुमडल्याशिवाय हात पोंचत नसे. मेणाचें भांडें मागच्या टेबलावर; म्हणजे प्रत्येक पट्टीमागें वांकलेल्या स्थितींतच एक पीळ. आम्हीं वांचविलेले सारे पैसे तिनें असे फेडले होते.

यांतील गणित शाळेंतील तराजूचेंच आहे. मनुष्य कमरेंतून पुढें वांकला म्हणजे त्याच्या धडाचें, डोक्याचें व हातांचें वजन मणक्यापासून पुढें लांब जातें, आणि तें तोलून धरणारे पाठीचे स्नायु मणक्याच्या मागें अवघ्या दोन अंगुळांवर असतात. दांडीचें एक टोंक लांब व दुसरें आंखूड असल्यावर आंखूड टोंकाला अनेक पट जोर लावावा लागतो. हातांत कांहीं ओझें नसतांनाही पाठ दुखते, ती यामुळें. ओझें आपलें स्वतःचेंच असतें. स्वीडनमधील आल्फ नाखेमसन या अस्थिवैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत मणक्यांमधील गादींत सुई घालून तेथील दाब मोजला. पुढें १९९९ सालीं जर्मनींतील उल्म येथील संशोधकांनीं तशीच मोजणी पुन्हा केली. बसणें हें उभें राहण्याहून वाईट, हें जुन्या मोजणीचें म्हणणें नव्या मोजणींत टिकलें नाहीं. परंतु उभ्यानें पुरतें पुढें वांकल्यास दाब साध्या उभें राहण्याच्या दुपटीहून अधिक होतो, ही गोष्ट पक्की झाली.

येथें आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानाला बसणाऱ्यानें शरीर, मस्तक व मान एका रेषेंत ठेवून अचल असावें असें सांगितलें आहे. त्याचा हवाला देऊन आम्हीं तीस वर्षें मुलांना “ताठ बस, हलूं नकोस” असें दटाविलें, आणि सूनबाईंनाही तोच उपदेश केला. तिनें तो निष्ठेनें पाळला, व तिची पाठ अधिकच आंखडली. तो नियम ध्यानाचा आहे, श्रमाचा नव्हे. ताठ बसून हात पुढें ताणून अर्धा तास मालिश केल्यास खांदे व पाठीचे स्नायु तितकाच वेळ आंवळलेले राहतात. आंवळलेल्या स्नायूंतून रक्त मोकळें वाहत नाहीं, आणि ते थकतात. मणक्यांमधील गाद्यांचें पोषणही बहुतांशीं भोंवतालून झिरपणाऱ्या द्रवावर चालतें, व त्यास हालचालीचें साह्य होतें. म्हणून कोणतीही स्थिति, कितीही शास्त्रशुद्ध असली तरी, फार वेळ धरून ठेवली कीं ती दुःख देते. काम शरीराजवळ आणावें, शरीर कामाकडे ओढून नेऊं नये. आणि एका स्थितींत रेंगाळूं नये. या दोन सूत्रांचेंच पुढील सर्व भाष्य आहे.

प्रथम पलंगाची उंची. सर्वसाधारण नियम असा कीं, ज्या ठिकाणीं हात चालवावयाचे तें ठिकाण काम करणारीच्या कोपराच्या सुमारास यावें. जोर लावावयाचा असेल तर किंचित् खालीं, आणि डोळा लावून बारीक काम करावयाचें असेल तर किंचित् वर. आम्हीं उत्साहाच्या भरांत पलंगाच्या पायांखालीं लांकडी ठोकळे बसविले. मेणाच्या कामाची सोय झाली. पण दुसऱ्याच दिवशीं चेहऱ्याचें काम बसून करतांना खांदे वर उचलावे लागूं लागले व मान धरली. एकच उंची उभ्याच्या व बसण्याच्या कामाला पुरत नाहीं, हा धडा तेव्हां मिळाला. शेवटीं पायानें दाबून वरखालीं होणारा पलंग आणला. ज्यांस तो खर्च झेपत नाहीं त्यांनीं दोन जागा कराव्या: एक बसून करावयाच्या कामाची, जिच्या उशाखालीं गुडघे जाण्यास मोकळी पोकळी आहे; दुसरी उंच, उभ्यानें करावयाच्या कामाची, व तिच्यावर चढण्यास गिऱ्हाइकासाठीं एक पायरी.

बसण्याचें स्टूल चाकांचें व उंची बदलतां येणारें असावें. दोन्ही पाउलें जमिनीवर पुरतीं टेकावींत, आणि मांड्या गुडघ्यांकडे किंचित् उतरत्या असाव्यात; म्हणजे कंबर आपोआप सरळ राहते, ती दटावून सरळ करावी लागत नाहीं. उभें असतांना एक पाय पुढें व एक मागें ठेवावा. पुढें जावयाचें तें गुडघे व खुबे लवचीक ठेवून, सर्व शरीरानिशीं. कमरेंतून मोडून नव्हे. मालिशाचा जोर अंगठ्यांनीं व मनगटांनीं काढण्याऐवजीं शरीराचा भार हळूहळू पुढें देऊन काढावा. बराच वेळ एका जागीं उभें राहावयाचें असल्यास वीतभर उंचीच्या पाटावर आलटून पालटून एकेक पाय ठेवावा. पादत्राण सपाट व मऊ तळाचें असावें. उंच टांचेची चप्पल दुकानाच्या उंबऱ्याबाहेर शोभते.

साहित्याची ट्रॉली ज्या हातानें काम चालतें त्या बाजूस, कोपर अंगाशीं ठेवून हात पोंचेल इतक्या अंतरावर ठेवावी. मागें वळावयाचेंच असेल तर पाउलें वळवावींत, कंबर पिळूं नये. वांकणें व पिळणें हीं दोन्ही एकदम घडलीं म्हणजे पाठीवरील ताण फारच वाढतो. पाण्यानें भरलेलें टोपलें उचलणें हा असाच एक प्रकार. टोपलें अर्धेंच भरावें, किंवा जागेवर ठेवून तांब्यानें भरावें व तांब्यानेंच रिकामें करावें.

पायांची निगा, म्हणजे पेडिक्युअर, करतांना बहुतेक ठिकाणीं गिऱ्हाईक खुर्चीवर व काम करणारी पाटावर, असा थाट असतो. रघुवंशापासून आजवर त्यांत फरक पडला नाहीं. गिऱ्हाइकाची खुर्ची एका ओट्यावर चढवावी, पाय टेकण्यास स्वतंत्र टेकू द्यावा, आणि काम करणारीनें साध्या उंचीच्या स्टुलावर बसावें. एवढ्यानें निम्मा त्रास जातो.

भुवया कोरण्याच्या कामाविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. दोऱ्याचें एक टोंक दांतांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि दृष्टि एकेका केंसावर. अशा वेळीं मान पुढें जाते आणि तिच्यामागोमाग पाठ. सूनबाईंच्या बाबतींत असें आढळलें कीं, ती वांकत होती ती हात पोंचत नसल्यामुळें नव्हे, तर दिसत नसल्यामुळें. दिवा छताला, तिच्या पाठीमागें, म्हणजे तिचीच सावली गिऱ्हाइकाच्या कपाळावर. बाजूनें वळवितां येणारा, भिंग लावलेला दिवा आणतांच मान वितभर वर आली. ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांनीं जवळच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. पाठीच्या दुखण्याचें मूळ कधीं कधीं डोळ्यांत असतें. गिऱ्हाइकाची खुर्ची मागें कलती होणारी असावी, डोक्याला टेकू असावा, आणि त्वचा ताणून धरण्याचें काम गिऱ्हाइकानें स्वतः करावें.

आतां वेळेचा विचार. पूर्वीं सूनबाईंच्या वहींत चार चार फेशियल एकापाठोपाठ एक लिहिलेलीं असत. आतां एक बसून करावयाचें काम झालें कीं दुसरें उभ्याचें, असा क्रम ती लावते, आणि दोहोंमध्यें पांच मिनिटें मोकळीं ठेवते. त्या वेळांत ती चार पावलें चालते, हात कमरेवर ठेवून हलकेंच मागें झुकते, खांदे फिरविते. आरंभीं तिला वाटलें कीं यानें दिवसाला एक गिऱ्हाईक कमी होईल. तसें झालेंही. परंतु तीन आठवडे बंद पडलेल्या दुकानांत एकही गिऱ्हाईक येत नाहीं, हा हिशेब आम्हीं तिला मांडून दाखविला.

पट्टा बांधल्यानें पाठ राखली जाते काय, असें पुष्कळजणी विचारतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनांत अनेक प्रयोगांची छाननी करून असा निष्कर्ष काढला आहे कीं, पाठदुखी टाळण्यास नियमित व्यायाम उपयोगी पडतो, व त्यास योग्य शिक्षणाची जोड दिल्यास अधिक. नुसते पट्टे किंवा जोड्यांतील गाद्या यांचा तसा उपयोग दिसत नाहीं. नुसता उपदेशही पुरत नाहीं, हें वाचून आमच्यासारख्या मास्तरानें काय तें समजावें. ऑस्ट्रेलियांत झालेल्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत, पाठदुखींतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकीं निम्म्यांना चालण्याचा क्रम हळूहळू वाढवीत आठवड्यांतून पांच दिवस अर्ध्या तासापर्यंत नेण्यास सांगितलें. न चालणाऱ्यांत दुखणें सामान्यतः ११२ दिवसांनीं परत आलें. चालणाऱ्यांत २०८ दिवसांनीं. चालण्याला पैसे पडत नाहींत व गुरुही लागत नाहीं. सूनबाई आतां सकाळीं आमच्याबरोबर चालावयास येतात. आम्हीं मागें राहतों, तो भाग वेगळा.

हा विकार कांहीं एका धंद्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष माणसांना कमरेचें दुखणें होतें, आणि त्यांतील बहुतेकांत, म्हणजे दहांपैकीं सुमारें नऊ जणांत, कोणताही विशिष्ट रोग सांपडत नाहीं. म्हणून दुखूं लागतांच घाबरून दिवसचे दिवस अंथरुणाला खिळूं नये. झेपेल तितकें हिंडतें फिरतें राहावें. मात्र कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तेथें घरगुती उपाय करीत बसणें अपराध होय. मांड्यांच्या आंतील व बसण्याच्या जागेचा भाग बधिर होणें, लघवी किंवा शौच यांवरील ताबा जाणें, पायांतील शक्ति कमी होणें, दुखण्याबरोबर ताप येणें, कारणावांचून वजन घटणें, पडल्यावर किंवा आपटल्यावर दुखणें सुरू होणें, अथवा पूर्वीं कर्करोग झालेला असणें, यांपैकीं कांहींही असल्यास तत्काळ डॉक्टर गांठावा. पहिल्या दोन लक्षणांत एक रात्रही दवडूं नये.

हें सर्व काम करणारीनें करावयाचें झालें. परंतु आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्या अशा ठिकाणीं जातात त्यांच्याकडेही कांहीं कर्तव्य येतें. घरीं बोलावून काम करवून घेणार असाल तर बसक्या दिवाणावर पसरूं नका. उंच खुर्ची व चांगला उजेड द्या. “थोडें इकडे सरकतां काय?” असें तिनें म्हटलें तर सरकावें, तीच सोय तिला दिवसांतून दहा वेळां हवी असते व दहा वेळां मागण्याचा तिला संकोच वाटतो. दोघींमधल्या पांच मिनिटांच्या अवकाशास आळस म्हणूं नये. आणि ज्यांच्या घरीं अशी मुलगी किंवा सून आहे, त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, तिला दुखतें हें सांगण्याची वाट मोकळी ठेवा. आम्हीं ती आमच्या मौनानें बंद केली होती, आणि तिला दोन वर्षें लागलीं.

दुकान पुन्हां सुरू झालें. दुखणें समूळ गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. लग्नसराईंत एखादा दिवस तिला जड जातो. पण आतां ती तें घरांत सांगते, आणि त्या संध्याकाळीं पोळ्या दुसरें कोणी तरी लाटतें. आम्हीं करविलेला पलंग ठोकळे काढून घरीं परत आणला आहे. तो आमच्या खोलींत आहे. त्याच्यावर आम्ही निजतों, आणि निजण्याला तो खरोखरच फार उत्तम आहे.